शनिवारचा शिक्का

निकम सरांबद्दल लिहायचंच असेल तर चांगलं लिहा, असं साळवे मला म्हणाले. साळवे भला माणूस आहे. त्यांच्या पायावर कुणी पाय दिला तरी आधी तेच सॉरी म्हणतात. मी तशी नाही. माझा राग लवकर जात नाही आणि निकम सरांवरचा तर अजून जागचा हललेला नाही. पण हा माणूस विसरता येत नाही हेही तितकंच खरं, म्हणून लिहायला बसले आहे. चांगलं जिथे आहे तिथे चांगलं लिहीन, पुढचं पुढे बघू.

सर उंच, सडपातळ, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक स्क्रू ड्रायव्हर. लग्नाला आले तरी तो खिशात असायचा. सगळं आयुष्य एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलेलं. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी भिंतीकडे बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा वाचून, तुमच्याकडे व्होल्टेज पडतंय जरा, असं म्हणाले आणि मग नमस्कार केला. चहा विचारायच्या आत मीटर वाचून घेणारा पहिलाच पाहुणा, असं माझा नवरा पुढे कितीतरी दिवस सांगायचा.

गाव सटाण्याकडचं. नाशिकरोडला राहून बोलणं शहरी झालेलं, पण खूश असले किंवा चिडले की बोलण्यात अहिराणी यायची. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला: "कसं शे?" हा प्रश्न आपल्या तब्येतीबद्दल आहे असा माझा सुरुवातीला समज होता. तो मशीनबद्दल असायचा.

मी सातपूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मुलं बहुतेक कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांची. आमची लॅब म्हणजे कंपन्यांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांचा आश्रम. त्यांतले निम्मे सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचे की तास संपायचा. कुणीतरी निकम सरांचा नंबर दिला. ते आले, प्रत्येक कॅबिनेटच्या मागे तळहात लावून बघितला आणि म्हणाले, म्हातारी आहेत, मेलेली नाहीत. मग दोन दिवस खपून त्यांनी सगळ्यांवर 'पायवाट' चढवली, आणि लॅब खरंच चालायला लागली.

पायवाट म्हणजे आमची लिनक्स डिस्ट्रो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर; ते जगभरची माणसं मिळून बनवतात, फुकट असतं, पण सुट्या भागांसारखं विखुरलेलं असतं. ते भाग जमवून, जुळवून, वापरता येईल असं करून देणाऱ्या मंडळींच्या मांडणीला डिस्ट्रो म्हणतात. सरांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी जुन्या मशीनसाठी, मराठीतून चालणारी अशी एक मांडणी तयार केली होती. काही शाळा, काही वर्कशॉप, एकदोन वाचनालयं ती वापरायची. कुणालाच पगार नव्हता. ज्याला जमेल त्याने जमेल ते करायचं.

या सगळ्याच्या तळाशी असतं कर्नल. पडदा, कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांना एकमेकांचं ऐकायला लावणारा तो प्रोग्राम. आईला मी हे समजावलं तेव्हा तिला वाटलं मी सैन्यातल्या कुणाबद्दल बोलते आहे. तर या कर्नलची सुधारलेली आवृत्ती जवळजवळ दर आठवड्याला येते. सुधारणा एका जागी होते आणि कधी कधी दुसऱ्याच जागी काहीतरी मोडतं. म्हणून ती थेट शाळांकडे पाठवायची नाही. आधी खऱ्या, जुन्या मशीनवर कुणीतरी चालवून बघायची, आणि मग ती स्थिर आहे असं जाहीर करायचं. सरांचे शब्द साधे होते. आलेलं कर्नल कच्चं. आम्ही तपासलं की त्याच्यावर शिक्का पडायचा आणि ते पक्कं व्हायचं. पक्कं झालेलं कर्नल मग सगळ्या शाळांच्या मशीन आपोआप ओढून घ्यायच्या.

तपासणारे आम्ही. प्रत्येकाच्या घरी सरांनी एकेक जुनं मशीन आणून ठेवलं होतं आणि त्यांना बागलाणातल्या किल्ल्यांची नावं दिली होती. माझ्याकडे मुल्हेर, साळवेंकडे साल्हेर. साळवे एका सहकारी संस्थेत क्लार्क, राहायला देवळालीकडे, स्वतःच पुस्तकं वाचून लिनक्स शिकलेले. साल्हेर सुरू होताना इतका आवाज करायचा की त्यांच्या मिसेस त्याला गिरणी म्हणायच्या.

तपासणी रविवारी सकाळी. मशीन चालू करायचं, बंद करायचं, झोपवायचं, उठवायचं, मोठी फाइल इकडून तिकडे न्यायची, नेटवर्क काढून पुन्हा लावायचं, प्रिंट काढायची, गाणं लावायचं, गाणं चालू असताना पेन ड्राइव्ह उपसायचा. मशीन म्हातारं, त्यामुळे सकाळ त्यातच जायची. माझा नवरा याला साप्ताहिक सत्यनारायण म्हणायचा आणि प्रसादाचं विचारायचा.

आणि शेवटी सरांना फोन करायचा. हा त्यांचा नियम. मेल चालणार नाही, मेसेज चालणार नाही. कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलताना एकाने दुसऱ्याला तोंडाने चार्ज द्यायचा असतो, समोर उभं राहून, तसं. आपल्या आवाजात दोनपैकी एक सांगायचं: चाललं, किंवा नाही चाललं. तिसरं उत्तर नाही. एकदा मी घाईत होते, बहुतेक चाललं, असं म्हणून गेले. तासाभरात सरांची स्कूटर दारात. नाशिकरोडहून सातपूरला, उन्हात. मॅडम, तो बहुतेक कुठे आहे तो दाखवा, म्हणाले. मी ओशाळले. मुल्हेरला झोपवलं, उठवलं, गाणं लावलं. झोपेतून उठल्यावर आवाज खरखरत होता. मला तो ऐकू आला होता आणि मी तो सोडून दिला होता. सर खुर्ची ओढून बसले, दुपारपर्यंत त्याचा माग काढला, आणि कर्नल बनवणाऱ्या मंडळींना सविस्तर कळवलं. पुढच्या कुठल्याशा आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली आणि दुरुस्तीच्या नोंदीत, ही चूक कुणी सांगितली त्या जागी, माझं नाव होतं. सरांचं नव्हतं. त्यांनी मुद्दाम माझं दिलं होतं.

ते नाव मी स्टाफ रूममध्ये सगळ्यांना दाखवलं. शाळेत चौदा वर्षं शिकवून कुणी माझं नाव कुठे छापलं नव्हतं. त्या दिवसापासून मी निकम सरांची माणूस झाले. रविवारी आईकडे त्र्यंबकला जायची माझी सवय होती. भावाचं तिथे पूजेच्या सामानाचं दुकान आहे, रविवारी गर्दी असते, आई घरात एकटी असते. मी जायची, तिचे केस धुऊन द्यायची, दोघी जेवायचो. ते हळूहळू महिन्यातून एकदा झालं. शाळांची जबाबदारी आहे, असं मी तिला सांगायची, आणि आई म्हणायची, बरं, तुझं काम आधी.

सुरुवातीला तपासणारे इतके होतो की महिन्याअखेर मिसळीला गेलो तर दोन टेबलं जोडावी लागायची. मग कुणाची बदली झाली, कुणाला नातू झाला, कुणी कंटाळलं. कर्नलं मात्र वाढत गेली. एकाच वेळी त्याच्या चार चार शाखा, म्हणजे समांतर चालणाऱ्या आवृत्त्या, प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी, एक तपासून होत नाही तर दुसरी दारात. उरलो आम्ही दोघं, आणि सर. एका रविवारी मिसळीच्या टेबलवर साळवेंनी शांतपणे विषय काढला. सगळ्या शाखा कशाला धरायच्या, म्हणाले. जिला वरची, म्हणजे कर्नल बनवणारी, मंडळी वर्षानुवर्षं सांभाळणार आहेत अशी एकच शाखा धरू. साधी तपासणी मशीनकडूनच करून घेऊ. कर्नल आपोआप बांधलं जाईल, आपोआप सुरू करून बघितलं जाईल, आठवडाभर जगात कुठून तक्रार आली नाही तर पुढे जाईल. शंका आली तरच माणूस उठवायचा. मी लगेच मान डोलावली. माझी पाठ दुखत होती.

सरांनी चमचा खाली ठेवला. कंट्रोल रूममध्ये अलार्म असतो, म्हणाले, तरी तिथे माणूस का बसवतात? अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं साळवेसाहेब, कधी कधी अलार्मच गेलेला असतो. इतकं ठाम बोलले की साळवेंना आपण काहीतरी आळशीपणाचं सुचवल्यासारखं वाटलं, मलाही. आम्ही विषय पुन्हा काढला नाही. साळवेंच्या मुलीच्या गॅदरिंगचा दिवस रविवारी आला तेव्हा ते साल्हेरची तपासणी अर्धी टाकून गेले नाहीत, पूर्ण करून गेले, आणि तोवर तिचा नाच होऊन गेला होता.

आता परीक्षेची गोष्ट. त्या वर्षी दहावीच्या मुलांची प्रॅक्टिकल सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी, मुल्हेरवर नवीन कर्नल चढवलं आणि नेटवर्क गेलं. परत लावलं, पुन्हा गेलं. आमच्या लॅबमधल्या निम्म्या मशीनला तेच नेटवर्क कार्ड आहे. मी सरांना फोन केला आणि अगदी त्यांच्या नियमाने सांगितलं: नाही चाललं. सर म्हणाले, "थांबवतो." मी निर्धास्त झाले. लॅब पक्कंच कर्नल ओढते, आणि माझा नकार गेल्यावर ते पक्कं होणार नाही, यापेक्षा वेगळी खात्री मला नको होती. बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मी वर्षभर हेच सांगत आले होते की या लॅबमध्ये आम्ही हाताने तपासल्याशिवाय काही येत नाही.

सोमवारी सकाळी लॅब उघडली तर निम्म्या मशीनला नेटवर्क नव्हतं. मुलं बाहेर रांगेत, बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत, आणि मी टेबलाखाली वायरी तपासत. सरांना फोन केला, ते आले, प्रत्येक मशीन मागच्या कर्नलवर नेऊन चालू करून दिलं. माझ्याकडून चुकून शिक्का पडला, असं म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. परीक्षा उशिरा झाली, पण झाली. परीक्षकांनी जे लिहायचं ते लिहिलं. बाईंनी मला आत बोलावून विचारलं की तुमच्या तपासणीचा उपयोग काय. मी सरांची बाजू घेतली. म्हातारा माणूस आहे, एकटा एवढं सांभाळतो, एखादी चूक होते. बाई म्हणाल्या, तुमच्या शब्दावर मी ही लॅब चालू ठेवली आहे, मॅडम. पुढच्या वर्षीचं पुढे बघू.

यानंतर मी जास्तच चिकाटीने तपासायला लागले. माझा नकार आता चुकूनही वाया जाता कामा नये, एवढंच डोक्यात. सरांना फोन करून झाल्यावर पुन्हा एकदा फोन करायची, नक्की थांबवलंत ना, म्हणून. ते न चिडता सांगायचे, हो मॅडम, थांबवलं.

मग साळवेंनी एके दिवशी फोन केला. आवाज अगदी खुललेला. एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा आहे आणि निकम सर बोलणार आहेत, फलकावर नाव आहे. आपल्याला काही बोलले नाहीत, बघा, स्वतःचं कौतुक सांगायचंच नाही या माणसाला. आपण न सांगता जाऊ. साळवेंनी पेढे घेतले. मी इस्त्रीची साडी नेसले. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

सर पांढऱ्याशुभ्र शर्टात, खिशात स्क्रू ड्रायव्हर. भाषणाचा विषय होता, छोट्या डिस्ट्रोमध्ये कर्नल पक्कं करण्याचे कष्ट कसे कमी करावेत. पडद्यावर चित्रं टाकत ते फार छान बोलले, हे मला कबूल करायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्यावर एवढा बोजा आला की पायवाट बंद पडायची वेळ आली, म्हणाले. मग मी बाकीच्या शाखा सोडल्या. जिला वर्षानुवर्षं सांभाळणार आहेत अशी एकच धरली. आता कर्नल आपोआप बांधलं जातं, मशीनच्या आत एक आभासी मशीन तयार होऊन त्यावर सुरू होतं, तपासलं जातं, आठवडाभर थांबतं, आणि कुठून तक्रार आली नाही तर शनिवारी त्याच्यावर आपोआप शिक्का पडतो. दोन वर्षं हे असंच चाललं आहे. यात माणूस कुठेच लागत नाही.

शेजारी साळवेंनी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घट्ट धरला होता. त्यांची वाक्यं होती ती. मिसळीच्या टेबलवरची, जशीच्या तशी.

मला आधी शनिवार हा शब्द कळलाच नाही. म्हणजे कानांनी ऐकला, पण पोचला नाही. मग मी मनात जुळवायला लागले. शिक्का शनिवारी. आम्ही तपासायचो रविवारी. दोन वर्षं. म्हणजे मी मुल्हेर चालू करायची तेव्हा ते कर्नल सगळ्या शाळांत जाऊन बसलेलं असायचं. मी नाही चाललं म्हणायची तेव्हा थांबवायला काही उरलेलंच नसायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशीही नव्हतं.

एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि विचारलं, पूर्वी तुमच्याकडे हाताने तपासणारे स्वयंसेवक होते ना, त्यांचं काय झालं?

"ते आता नाहीत," सर म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नासाठी मान वळवताना त्यांना आम्ही दिसलो.

टाळ्या वाजल्या. साळवेंनीही वाजवल्या, सवयीने. सर व्यासपीठावरून खाली आले ते आमच्याकडे न येता बाहेर गेले, आणि जिन्यात उभे राहिले. पळून गेले नाहीत एवढं म्हणायचं. साळवेंनी त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, अभिनंदन सर, म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पुढच्या दिवशी त्यांनी साल्हेर सरांच्या दारात नेऊन ठेवला, बेल न वाजवता.

मी उतरले नाही. मी विचारलं, "मग आमचं 'नाही' कुठे जायचं, सर?"

"मी ऐकायचो ना."

"ऐकून काय करायचात?"

"वर कळवायचो. त्या मंडळींना. पुढच्या वेळी उपयोग व्हायचा."

"आणि थांबवतो म्हणालात ते?"

ते बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, शिक्का शनिवारऐवजी सोमवारी पडेल असं ठेवलं असतंत तर? एक आकडा बदलायचा होता. मशीनचं मशीननं केलं असतं, आणि आमचा नकारही वेळेत पोचला असता. तुमचे कष्ट तेवढेच वाचले असते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"हे मनातच नाही आलं," ते म्हणाले.

मला फसवल्याचं दुःख आहेच, पण जे आत जाऊन बसलं ते हे. दोन वर्षं हा माणूस माझा फोन घेत होता, कसं शे विचारत होता, आणि माझ्या उत्तरावर काही अवलंबून असू शकतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. राग मला मशीनने काम करण्याचा नव्हता. आम्हीच तर मागितलं होतं ते. राग याचा की आमचा बोजा त्यांनी खरंच कमी केला आणि तो आमच्या पाठीवरून उतरवला मात्र नाही.

मी विचारलं, का. ते जिन्याच्या खिडकीतून खाली बघायला लागले. मग म्हणाले की कंट्रोल रूममधून सुटलो त्या दिवसापासून तिथल्या एकाचा फोन आला नाही. अडतीस वर्षांचे सोबती. काम संपलं की माणसं येत नाहीत, मॅडम. तुम्हाला सांगितलं असतं की आता गरज नाही, तर तुम्ही तरी कशाला फोन केला असता? मले माहीत शे ना, म्हणाले. तेवढं अहिराणीत.

कुणी ऐकलं तर म्हणेल, बिचारा. साळवे म्हणतात. घरात बोलायला कुणी नाही, मुलगा लांब, त्याने आपले फोन धरून ठेवले, एवढंच ना. आणि आपण त्यातून शिकलोच की. साळवेंचा हा मोठेपणा मला पेलत नाही. मी त्या रविवारी त्र्यंबकला गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हणजे तुला येता येत होतं."

तिने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. पुढची शेंग उचलली. मी निकम सरांना बिचारा म्हणू शकत नाही ते यासाठी.

त्यांचे फोन काही दिवस येत राहिले. मी उचलले नाहीत. शाळेची लॅब मी आता स्वतःच सांभाळते. नवीन कर्नल आधी एका मशीनवर ठेवते, बाकीच्यांना दोन आठवड्यांनी देते. पायवाटच वापरते, आणि ती पूर्वीपेक्षा चांगली चालते, हेही सांगून टाकते. त्या माणसाचं काम चोख होतं. बाईंनी लॅब बंद केली नाही, पण माझ्या शब्दावर ठेवली असंही आता त्या म्हणत नाहीत.

सर मला शेवटचे दिसले ते यंदा, हिवाळ्यात, त्र्यंबक रोडवरच्या एका बसथांब्याशी. दुपारची वेळ. त्यांची स्कूटर स्टँडवर, पायापाशी एक जुनं कॅबिनेट, आणि समोर साठीच्या आसपासच्या एक बाई, कॉटनची साडी, पाठीला सॅक. सर त्यांना काहीतरी समजावत होते आणि त्या मन लावून ऐकत होत्या. मी गाडी थांबवली. थांबवायची नव्हती, थांबली.

सरांनी मला बघितलं आणि क्षणभरही न अडखळता ओळख करून दिली. या गांगुर्डेबाई, जिल्हा परिषदेतून नुकत्याच रिटायर झाल्या, यांनी लिनक्स शिकून घेतलं आहे, आता आपल्याकडे तपासणी करणार. आणि या आमच्या सगळ्यात पक्क्या तपासनीस, यांचं नाव आहे बरं का वरच्या नोंदीत. गांगुर्डेबाईंनी माझ्याकडे ज्या आदराने बघितलं तो बघून मला रडू येईल असं वाटलं.

"ताई," मी त्यांना म्हटलं, "यांना एक विचारा. तुम्ही तपासून नाही म्हणालात, तर काही थांबणार आहे का."

त्यांना वाटलं मी काही शिकवते आहे. त्यांनी खरंच विचारलं, अगदी विद्यार्थिनीसारखं. "सर, मी नाही म्हटलं तर थांबतं का ते?"

सर हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. ते माझ्याकडे बघत होते. मग गांगुर्डेबाईंकडे वळले.

"नाही थांबत," म्हणाले. "शिक्का आपोआप पडतो."

गांगुर्डेबाईंनी थोडा विचार केला. रागावल्या नाहीत. मग राहू द्या सर, म्हणाल्या, घरात जागा पण कमी आहे, सुनेचं शिवणाचं मशीन येतंय. तेवढ्यात सातपूरची बस आली. त्यांनी सॅक पुढे घेतली, दोघांना नमस्कार केला आणि चढून गेल्या. खिडकीतून पुन्हा एकदा हातही केला.

"बघितलंत ना, मॅडम," सर म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, नुसता पुरावा समोर ठेवावा तसं. "सांगितलं की जातात."

"त्या त्यांच्या मर्जीने गेल्या, सर," मी म्हटलं. "मला तेवढंही तुम्ही ठेवलं नव्हतंत."

त्यांनी मान हलवली, हो अशी की नाही अशी ते कळलं नाही. वाकून कॅबिनेट उचललं, स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि डिकीतून दोरी काढली. एका हाताने कॅबिनेट धरून दुसऱ्या हाताने गाठ मारायला बघत होते. कॅबिनेट सरकत होतं, दोरी सुटत होती, पुन्हा धरत होते. मी तीन पावलांवर होते. दोरीचं दुसरं टोक माझ्या बाजूला लोंबत होतं. ते मी धरलं नाही.